एका श्लोकाचा एक कागद

महाभारताचा ग्रंथ घरात ठेवू नये, ठेवला तर भावाभावांत भांडणे लागतात, अशी एक समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ज्ञानेश्वरी, दासबोध, गुरुचरित्र यांना देवघरात, निदान कपाटात तरी मानाची जागा असते. महाभारत मात्र वाचनालयातून आणावे, वाचावे आणि परत करावे, असा जुन्या मंडळींचा रिवाज. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याला लागून झाडांच्या सावलीत एक वास्तू उभी आहे, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. तिथे ह्या एकाच ग्रंथाच्या १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या. कुणी भूर्जपत्रावरची, कुणी ताडपत्रावरची, कुणी हातकागदावरची. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांत लिहिलेली. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे! इतक्या काळात घरात एक पिढी जाऊन दुसरी कर्ती होते.

ह्या कामाला ज्यांनी आकार दिला ते डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर. संस्कृतच्या जगात हे नाव आजही देशोदेशी आदराने घेतले जाते. त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस आणि त्याआधी आयुष्याचा बराच काळ बँकेत अधिकारी म्हणून काढलेला. मला त्यांच्या चरित्रातली एकच गोष्ट फार दिवसांपासून खुणावते आहे. एका माणसाच्या हयातीत न मावणारे काम त्यांनी हाती घेतले, आणि त्याचे तुकडे असे पाडले की स्वतः निघून गेल्यावरही ते थांबू नये.

बँकेतल्या माणसाला ह्याचे अप्रूप का वाटावे, ते सांगतो. घरबांधणीचे कर्ज आम्ही कधी एकरकमी देत नसू. जोते झाले की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, गिलावा झाला की पुढचा. कर्जदार येऊन सांगे की साहेब, निम्मे काम झाले. पण निम्मे म्हणजे काय? निम्मी भिंत, निम्मे छप्पर आणि निम्मी विहीर यांची बेरीज अर्धे घर होत नाही. जोते मात्र झाले आहे किंवा नाही, हे जागेवर जाऊन हात लावून पाहता येते. आजच्या कंपन्यांत ह्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात. कामाची व्याप्ती आधी ठरवायची, मग तिचे असे भाग पाडायचे की प्रत्येक भाग पुरा करून कुणाच्या तरी हवाली करता येईल, ही त्या शास्त्रातली पहिली पायरी. सुकथनकरांच्या काळी हे शास्त्र ह्या नावाने कुणी शिकवत नव्हते. पण १९२५ ते १९४३ ह्या वर्षांत त्यांनी जे केले ते पाहिले, की ह्या विषयाचा धडा म्हणून दुसरे उदाहरण शोधायला नको असे वाटते.

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईचा. मुंबईत सेंट झेवियर कॉलेजात शिकून ते विलायतेला गेले आणि केंब्रिजमध्ये त्यांनी विषय घेतला तो गणिताचा. संस्कृतचा हा मोठा पंडित मुळात गणिती होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. केंब्रिजहून ते जर्मनीत बर्लिनला गेले आणि तिथे प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. जुनी पोथी कशी वाचावी, दोन पोथ्यांत फरक असेल तर कुणाची साक्ष धरावी, ह्याची तिथली तालीम फार कडक असे.

ह्याच ल्यूडर्स यांचा महाभारताशी एक संबंध होता. १८९७ साली पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झ ह्या पंडिताने एक सूचना मांडली होती. महाभारताच्या ज्या छापील प्रती जगभर वापरल्या जातात त्यांवर भरवसा ठेवता येत नाही; सगळ्या प्रांतांतल्या पोथ्या ताडून पाहून एक चिकित्सित आवृत्ती काढली पाहिजे, असा तिचा आशय. सूचनेचे स्वागत झाले, पुढे १९०४ साली युरोपातल्या विद्वत्संस्थांनी ती अंगावर घेतली, आणि १९०८ साली ल्यूडर्स यांनी मासल्यादाखल काही पाने छापून दाखवली. आदिपर्वाचे पहिले ६७ श्लोक होते ते. मग १९१४ साली महायुद्ध पेटले आणि योजना बारगळली. पॅरिसच्या त्या सूचनेला तोवर सतरा वर्षे होऊन गेली होती आणि पदरात होता तो मासला.

भारतात परतल्यावर सुकथनकर काही वर्षे पुरातत्त्व खात्यात होते. भासाच्या नाटकांवर त्यांनी नाव घेण्याजोगे लेखन केले. इकडे पुण्यात १९१७ साली भांडारकर संस्था स्थापन झाली होती. दुसऱ्याच वर्षी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सचित्र महाभारतासाठी एक लाख रुपयांचे वचन दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. पुढे ह्या आवृत्तीत त्यांची चित्रे आली. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. त्या वेळी सर रामकृष्णपंत ऐंशी ओलांडून गेलेले होते. पहिल्या काही वर्षांत पोथ्यांची जमवाजमव झाली, त्या ताडून पाहण्याचे काम सुरू झाले, आणि १९२३ साली ना. बा. उटगीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढून ती जाणकारांपुढे ठेवली. ऑगस्ट १९२५ मध्ये सुकथनकर प्रधान संपादक झाले. वय अडतीस.

अशा वेळी उत्साही माणूस काय करतो? बाह्या सरसावून कामाला लागतो. सुकथनकरांना आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागला. आपण नेमके काय तयार करणार आहोत? व्यासांनी स्वतः रचले ते महाभारत? तसे ठरवले असते तर काम कधीच संपले नसते, कारण व्यासांच्या हातची प्रत जगात नाही आणि हे ते महाभारत खरे, असा दाखला कुणी देऊ शकला नसता. त्यांनी कामाची सीमा आखली ती वेगळीच. आज हाती असलेल्या पोथ्यांच्या आधारे मागे जाता जाता जितक्या जुन्या रूपापर्यंत पोचता येईल, तितके गाठायचे. त्यापलीकडे तर्काने उडी मारायची नाही. ऐकायला हे साधे वाटते. पण काम कुठे थांबणार हे अशा तऱ्हेने ठरले म्हणूनच ते कुठून सुरू करायचे हे ठरवता आले.

मग तुकडे. महाभारताचे सर्वात मोठे तुकडे पाडलेलेच होते, अठरा पर्वे. पर्व ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच मुळी सांधा, पेर. उसाला जशी पेरे असतात तशी. ऊस तोडणारा शहाणा माणूस कोयता पेरावर घालतो. पोथ्यांचा इतिहास पाहिला तर तोही हेच सांगत होता. एवढे अवाढव्य महाभारत एका हाताने सलग उतरून काढलेले क्वचितच सापडते. लोकांनी एकेक पर्व वेगळे उतरवून घेतले, एकाने आदिपर्व, दुसऱ्याने विराटपर्व. त्यामुळे प्रत्येक पर्वाच्या पोथ्यांचे घराणे निराळे आणि त्याची छाननीही निराळी करणे भाग. पर्वाला एक संपादक नेमावा, त्या पर्वाच्या पोथ्या निवडून त्याने ते तडीस न्यावे, ही वाटणी कामाच्या अंगातूनच आलेली होती. पर्वे सारखी नव्हती, हेही खरे. चिकित्सित आवृत्तीत शांतिपर्वाचे ३५३ अध्याय आहेत आणि महाप्रस्थानिकपर्वाचे अवघे ३. तुकडे समान असलेच पाहिजेत असा हट्ट धरला असता तर पेर सोडून मधेच कोयता पडला असता.

सर्वात लहान तुकडा होता एक श्लोक. आदिपर्वाला सुकथनकरांनी जी प्रस्तावना लिहिली तीत ह्या कामाची पद्धत तपशीलवार दिली आहे. ती वाचताना मला आमची जुनी हातांनी लिहायची लेजरे आठवली. एका श्लोकासाठी एक कागद. त्यावर उभ्या-आडव्या रेघा. श्लोकातले एकेक अक्षर एकेका उभ्या रकान्यात. खाली एकेका पोथीसाठी एकेक आडवी ओळ, आणि त्या पोथीत जिथे अक्षर वेगळे असेल तिथे नेमक्या त्याच रकान्यात ते वेगळे अक्षर नोंदवायचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंच जागा. पोथीत खाडाखोड असेल, समासात कुणी काही लिहिले असेल, तर ते तिथे. एखाद्या पोथीत भलीमोठी भर घातलेली असेल तर ती वेगळ्या कागदावर उतरून त्या जागी जोडायची. ह्या जोडकागदाला शोधपत्र म्हणत.

ह्या कागदाची मोठी सोय अशी, की तो भरायला सगळे महाभारत डोक्यात असण्याची गरज नव्हती. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लिप्या वाचणारे शास्त्री आणि तयार केलेले पदवीधर हे काम करत. जे दिसेल ते लिहायचे, बरोबर कोणते आणि चूक कोणते हे ठरवायचे नाही. तो निवाडा संपादकाचा. भरलेला कागद दुसरा माणूस तपासू शकत असे. शिवाय कागद एकाच साच्याचा असल्यामुळे काम पुण्याबाहेरही देता आले. शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये बंगाली पोथ्या ताडल्या गेल्या, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दक्षिणेकडच्या. कागद पुण्यात आले की आपापल्या श्लोकापाशी जाऊन बसत. बँकेच्या दोन शाखांची खाती जुळावीत तसे.

मेहनत कुठे जास्त ओतायची ह्याचाही हिशेब होता. आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्यांची माहिती होती. त्यांतल्या ६० पाठभेदांसाठी निवडल्या. म्हणून प्रत्येक श्लोक साठही पोथ्यांशी ताडला असे नाही. किमान दहा पोथ्या प्रत्येक श्लोकाला; पुष्कळ भागाला वीस, काहीला तीस, थोड्याला चाळीस. पण पहिल्या दोन अध्यायांना मात्र पन्नास. कारण ह्या दोन अध्यायांत सगळ्या ग्रंथाचा सारांश आणि पर्वांची यादी आहे, पुढच्या सगळ्या बांधणीचे ते जोते. सगळीकडे सारखीच बारीक नजर ठेवीन म्हणणारा माणूस मोठ्या कामात दमून बसतो. कुठे पन्नास आणि कुठे दहा हे ज्याला ठरवता येते तो पुढे जातो.

आदिपर्व पुरे झाल्यावरच लोकांना दाखवायचे, असेही त्यांनी केले नाही. १९२७ साली पहिला भाग छापून बाहेर पडला. मग एकामागून एक भाग येत गेले आणि १९३३ साली सातव्या भागाबरोबर आदिपर्व पुरे झाले. अशा भागांमुळे देणगीदारांना, वर्गणीदारांना काम दिसत होते. मुंबई सरकार, हैदराबादचे निजाम, निरनिराळी संस्थाने आणि विद्यापीठे यांच्या मदतीवर चाललेला हा व्याप. हाती काही न देता आठ वर्षे कुणाकडे पैसे मागणार? आणि दुसरा फायदा असा, की टीका वेळेवर आली.

टीका आली तीही बड्या माणसाची. पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही हे त्या काळचे थोर संस्कृतज्ञ. पहिले भाग पाहून त्यांनी कामाचे कौतुक केले, पण एक सल्लाही दिला. नवा पाठ घडवण्याच्या खटपटीत पडूच नका. नीलकंठाच्या टीकेबरोबर प्रचारात असलेला पाठ जसाच्या तसा छापा आणि खाली सगळे पाठभेद द्या, म्हणजे झाले. विचार करण्याजोगा सल्ला होता. काम निम्म्याहून हलके झाले असते. सुकथनकरांनी तो मानला नाही, आणि का मानला नाही ते १९३३ च्या प्रस्तावनेत सविस्तर सांगितले. नीलकंठ सतराव्या शतकातला. त्याच्या पाठात उत्तरेचे दक्षिणेचे बरेच मिसळलेले. तोच मध्यावर ठेवला तर वाचकापुढे पाठभेदांचे ढीग पडतील, पण त्यांतून वाट काढण्याचे काम जिथल्या तिथेच राहील. कामाची जी सीमा त्यांनी आधी आखली होती, ती दडपणाखाली त्यांनी आकसूही दिली नाही आणि उत्साहाच्या भरात वाढवलीही नाही.

घरोघरच्या वाचकांची तक्रार वेगळी होती, आणि ती तुमच्याआमच्या मनातलीही आहे. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य पाठात ती नाही! पोथ्यांच्या साक्षीने ती मागाहून आलेली ठरली. पण म्हणून ती टाकून दिलेली नाही. लहान लहान जादा श्लोक पानाखाली तारांकित करून दिले आहेत आणि लांबलचक भाग परिशिष्टात. गणपतीची कथा त्या परिशिष्टात जशीच्या तशी वाचायला मिळते. मुख्य पाठातही जिथे संपादकाची स्वतःची पुरती खात्री नाही, तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ ओढलेली आहे. म्हणजे एखाद्या चोख हिशेबनिसाप्रमाणे कोणती रक्कम पक्की, कोणती संशयास्पद, कोणती वेगळ्या खात्यात वर्ग केली, सगळे उघड. पुढे ज्याला हिशेब पुन्हा तपासायचा असेल त्याच्यासाठी एकही व्हाउचर फाडलेले नाही.

१९३३ साली हा पहिला ग्रंथ हातात आला तेव्हा सुकथनकरांना पदभार घेऊन आठ वर्षे झाली होती. आता त्रैराशिक मांडा. एका पर्वाला आठ वर्षे, तर अठरा पर्वांना एकशे चव्वेचाळीस. हिशेब कागदावर बरोबर आणि व्यवहारात चूक, असे गणित बँकेत आम्ही पुष्कळ पाहिले आहे. त्या आठ वर्षांत नुसते आदिपर्व तयार झाले नव्हते. कोणत्या लिपीची पोथी कोणत्या अक्षराने दाखवायची, उत्तरेची आणि दक्षिणेची शाखा कशी ओळखायची, दोन्हीकडे एकच पाठ असेल तर काय आणि नसेल तर काय, ह्या सगळ्याचे नियम तयार झाले होते. पहिला तुकडा महाग पडला, कारण उरलेल्या सतरांचा साचा त्यातच ओतला गेला होता.

आणि साचा तयार झाल्यावर सुकथनकरांनी जे केले ते मला त्यांच्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा अवघड वाटते. त्यांनी काम दुसऱ्यांच्या हाती दिले. आपल्याइतके बारकाईने कुणी करणार नाही, ही भावना कर्तबगार माणसाला किती छळते ते संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीर यांनी केले, ते १९३६ साली बाहेर पडले. उद्योगपर्व ढाक्याच्या डॉ. सुशीलकुमार डे यांनी केले, १९४० साली. सभापर्व तर थेट अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे. क्रम पाहिलात? आदिपर्वानंतर सभापर्व, मग आरण्यकपर्व, मग विराटपर्व अशी वाट पाहत कुणी बसले नाही. जे पर्व पुरे होईल ते निघाले. एक तुकडा दुसऱ्यासाठी अडून राहत नव्हता. सुकथनकरांनी स्वतः आरण्यकपर्व हाती घेतले, आपले वनपर्व. २९९ अध्यायांचे, आदिपर्वाहूनही लांब. ते १९४२ साली पुरे झाले.

मधल्या काळात त्यांच्या कामाची अचानक परीक्षाही झाली. आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्यामुळे तिथली आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. १९३८ साली सुकथनकरांनी तिच्यावर लेख लिहिला. आधी कधीही न पाहिलेली ही पोथी त्यांनी अनेक पोथ्यांच्या साक्षीने सिद्ध केलेल्या पाठाला जागोजागी दुजोरा देत होती. बँकेत वरिष्ठ कार्यालयाचा तपासनीस अवचित दारात उभा राहावा आणि रोकड पैपैशासह जुळावी, त्या वेळी खजिनदाराच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते मी पाहिलेले आहे. सुकथनकरांचे समाधान त्याच जातीचे असणार.

जानेवारी १९४३. इतकी वर्षे महाभारताचा एकेक श्लोक, एकेक अक्षर चाळणारा हा माणूस मुंबई विद्यापीठासाठी चार व्याख्याने देणार होता. विषय होता महाभारताचा अर्थ. अक्षरांचा हिशेब करणाऱ्याने आता सगळ्या ग्रंथाकडे एकदा मान वर करून पाहायचे ठरवले होते. पहिल्या व्याख्यानात महाभारताच्या टीकाकारांचा परामर्श, मग कथेचा व्यवहाराच्या पातळीवरचा अर्थ, मग नीतीच्या, आणि शेवटी तत्त्वज्ञानाच्या पातळीवरचा. तीन व्याख्याने झाली. चौथे राहिले. २१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर अचानक गेले. वयाला छप्पन्न वर्षेही पुरी झालेली नव्हती.

त्या दिवशीची शिल्लक मांडून पाहू. अठरांपैकी चार पर्वे छापून झालेली : आदि, विराट, उद्योग, आरण्यक. सभापर्व वाटेवर. तेरा पर्वे बाकी, त्यांत भीष्म, द्रोण, कर्ण, शांति, अनुशासन यांसारखी बलाढ्य. बाहेर दुसरे महायुद्ध, कागदाची टंचाई. आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या कामांचा शेवट अशा एखाद्या तारखेपाशी झालेला आहे. सगळे एका माणसाच्या डोक्यात असते, तो जातो, आणि मागे उरतात ती दोऱ्यांनी बांधलेली गाठोडी. ती सोडवायची कशी हे कुणालाच उमगत नाही. घरच्यांना तर नाहीच नाही.

इथे तसे झाले नाही. त्याच वर्षी डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रधान संपादक झाले. १९४४ साली एजर्टन यांचे सभापर्व पुरे झाले. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, हा आपल्या कीर्तनांतला हमखास डोळे पाणावणारा भाग त्यातही मुख्य पाठात न राहता तळटीपेत गेला. नियम तेच होते, पाळणारा दूरदेशी बसलेला होता आणि नियम करणारा हयात नव्हता. मग १९४७ साली बेलवलकरांचे भीष्मपर्व. १९४८ साली ह. दा. वेलणकरांचे सौप्तिकपर्व. बेलवलकरांनीच शांतिपर्वाचा डोंगर १९५४ पर्यंत पार केला. त्याच वर्षी डॉ. प. ल. वैद्य यांचे कर्णपर्व. १९५६ साली वा. गो. परांजपे यांचे स्त्रीपर्व, १९५८ साली डे यांचे द्रोणपर्व. १९५९ साली शेवटची चार छोटी पर्वे, पुन्हा बेलवलकरांचीच. १९६० साली रा. द. करमरकरांचे आश्वमेधिकपर्व, १९६१ साली डॉ. रा. ना. दांडेकरांचे शल्यपर्व. बेलवलकरांनंतर धुरा वैद्यांकडे आली, आणि दांडेकरांचे अनुशासनपर्व १९६६ साली निघाले तेव्हा अठरा पुरी झाली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ह्या महाकार्याची सांगता जाहीर झाली. सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षे लोटली होती.

मी ही यादी मुद्दाम सबंध दिली. तारखांची अशी माळ वाचताना कंटाळा येतो खरा, पण सुकथनकरांचे चरित्र १९४३ साली संपवले तर ते अपुरे राहते. ह्या यादीतला प्रत्येक संपादक स्वतःच्या तोलाचा विद्वान होता. कुणी कुणाचा हरकाम्या नव्हता. तरीही आदिपर्वाचा ग्रंथ आणि अनुशासनपर्वाचा ग्रंथ शेजारी उघडून ठेवले तर पानाची मांडणी तीच दिसते : वर पाठ, खाली पाठभेद, तीच लिप्यांची अक्षरे, तेच तारे, तीच नागमोडी रेघ.

मोठी कामे माणसाच्या जिद्दीने होतात, असे आपण मुलांना सांगतो. सांगावेच. पण नुसत्या जिद्दीचे आयुष्य जिद्दी माणसाएवढेच असते. आजोबांच्या आठवणी लिहून ठेवायच्या असोत, घराण्याची वंशावळ जुळवायची असो, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो की सोसायटीची पुनर्बांधणी. सुरुवात करताना तीन प्रश्न विचारून पाहावेत. हे काम कुठे थांबणार? त्याचा सर्वात लहान तुकडा कोणता, जो आज संध्याकाळपर्यंत पुरा करून कुणाला तरी दाखवता येईल? आणि उद्या मी नसलो, तर दुसऱ्या कुणाला तो कागद उचलून पुढचा श्लोक लिहिता येईल का? तिसरा प्रश्न विचारायला मन धजत नाही. म्हणूनच कितीतरी कामे अर्धी राहतात.

सुकथनकरांचे न झालेले चौथे व्याख्यान लिहून तयार होते. १९५७ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने चारही व्याख्याने एकत्र छापली. शेवटच्या दिवशी ते सभागृहात उभे राहू शकले नाहीत एवढेच. कागद पुरा झालेला होता.